आठ चादरींच्या घराचा मेंटेनन्स

हजेरी कारकुनाकडं किस्से साठतात, त्याला इलाज नाही. कारखान्यात माणूस उशिरा आला की कारण आधी त्यालाच सांगणार. सासू आजारी, सायकल पंक्चर, म्हैस व्याली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चादरींच्या कारखान्याच्या दारात बसून मी वर्षानुवर्षं हेच ऐकलं. निम्मी कारणं खोटी असायची. पण खोटं सांगायलासुद्धा माणूस आपल्या घरातलंच काहीतरी काढतो. त्यामुळं कुणाच्या घरी न जाता मला सगळ्यांची घरं माहीत.

आज ते नाही सांगत. आज आमच्या बंगल्याचं सांगतो.

बंगला म्हणायचं आपलं. दोन खोल्या, पुढं पडवी, वर कौलं. पाचगणीच्या अलीकडं घाटातल्या एका वाडीत होता. आमच्या मालकांच्या मेव्हण्यांचा, पडीक. कुणी घेईना म्हणून स्वस्तात काढला, आणि आम्ही कारखान्यातल्या आठजणांनी दिवाळीच्या बोनसमधनं घेतला. दुष्काळाच्या आधीची दिवाळी ती. आठच का, तर एप्रिल आणि मे मिळून आठवडे आठच होतात. चिठ्ठ्या टाकल्या. एकेकाला एकेक आठवडा आला, तो कायमचा. माझं अक्षर बरं म्हणून सेक्रेटरी मी. तेव्हापासनं मालकसुद्धा मला "काय सेक्रेटरी" म्हणून हाक मारायला लागले, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

*

कल्पना मल्लेशमची. मल्लेशम म्हणजे आमच्यातला सगळ्यात चांगला विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि मागावर असला की कुठलीच भाषा नाही. त्याची बायको नरसम्मा लहानपणापासनं घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. सुताचं तूस छातीत जाऊन बसलेलं. रात्री आडवं पडलं की तिला दम लागायचा, म्हणून ती बसूनच झोपायची. भिंतीला पाठ लावून, मांडीवर उशी घेऊन. किती वर्षं? तर धाकट्या पोरीच्या जन्मापासनं, आणि पोरगी तेव्हा सातवीला होती.

डॉक्टरांनी सांगितलं, थंड आणि मोकळ्या हवेत नेऊन बघा. आता सोलापुरात थंड हवा आणायची कुठनं? मल्लेशमनं ते मला सांगितलं, मी मेव्हण्यांच्या पडीक घराचं ऐकलेलं होतं, आणि पुढं सगळं जमत गेलं.

पहिल्या वर्षी त्याचा आठवडा मे महिन्याचा तिसरा होता. परत आल्यावर सोमवारी तो चक्क वेळेच्या आधी दारात हजर. मी म्हटलं, "मल्लेशम, लवकर यायचं कारण काय लिहू?"

तो म्हणाला, "तात्या, ती झोपली."

"कोण?"

"नरसम्मा. आडवी. सातही दिवस." एवढं बोलला आणि माझ्या टेबलाला धरून रडायला लागला. बाजूनं पाळीची माणसं आत जात होती. मी आपलं हजेरीपुस्तक त्याच्यापुढं उभं धरलं.

*

त्याच वर्षी त्यानं आठ चादरी विणल्या. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात ज्याची चादर त्याचं नाव विणलेलं. चादर बंगल्यावरच ठेवायची, आपल्या आठवड्यात आपली अंथरायची, निघताना घडी करून ट्रंकेत. नाव सांगायची वेळ आली तेव्हा आम्ही सातजणांनी आपापली नावं सांगितली, आडनावासकट. आठव्या चादरीवर मल्लेशमनं "नरसम्मा" विणलं. आम्ही त्याला महिनाभर चिडवलं. इब्राहिमभाई तर रोज विचारायचे, "क्यूं मल्लेशम, घरका मालिक कौन?" मल्लेशम चादर दाखवायचा.

*

दगडूचा किस्सा तर कारखाना अजून विसरलेला नाही. दगडू आमचा हमाल, कुंभारीहून सायकलनं यायचा. उन्हाळ्यात संध्याकाळी जमिनीवर पाणी मारायचं आणि मग तिथंच अंथरूण टाकायचं, ही त्याची जन्माची सवय. सोलापूरकरांना हे सांगायला नको.

बंगल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं विहिरीवरनं आठ बादल्या आणल्या आणि दोन्ही खोल्यांत मारल्या. पडवीतही मारल्या, वर कौलांवरसुद्धा. दिवस बुडाल्यावर घाटातला वारा सुटला. बायको, चार पोरं आणि दगडू एका बाजेवर गठुळं होऊन बसले, आणि आठीच्या आठी चादरी अंगावर घेतल्या.

परत आल्यावर म्हणतो, "तात्या, गारवा लई हाय तितं. पर पाणी मारल्याबिगर झोप लागंना की."

*

आमची आणखी एक पद्धत होती. निघणाऱ्यानं येणाऱ्यासाठी पाण्याचा माठ भरून ठेवायचा, आणि डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवायची. घाट चढून आलेल्या बाईला आल्या आल्या चूल पेटवायला लागू नये म्हणून.

आता इब्राहिमभाई आमचे फिटर, आणि त्यांच्या मागनं आठवडा शिवलिंगप्पांचा. शिवलिंगप्पा हेडक्लार्क, लिंगायत, घरात सोवळं कडक. दुसऱ्याच्या हातचं चालायचं नाही आणि ते तोंडावर कसं सांगायचं? दोन महिने त्यांना ह्याचीच काळजी. मला म्हणाले, "तात्या, माझा आठवडा बदलून द्या हो." मी म्हटलं चिठ्ठीत आलंय, आता बदलायचं नाही.

गेले बिचारे. डबा उघडला तर आत भाकरी नाही. नव्या कोऱ्या पुरचुंड्या. ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, मीठ, मिरच्या, वर गुळाचा खडा. इब्राहिमभाईंच्या बायकोनं सगळं कोरडं बांधून ठेवलेलं, आणि चुलीत लाकडं रचून शेजारी काड्यापेटी.

शिवलिंगप्पांनी दर वर्षी पुढच्या माणसासाठी दुप्पट डबा भरला. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत, पण इब्राहिमभाईंचा ओव्हरटाइम त्यानंतर हिशेबात कधी चुकला नाही.

*

आता मेंटेनन्स. हा शब्दही इब्राहिमभाईंचाच. मिटिंगमध्ये म्हणाले, "माग बंद रखे तो भी तेल लगता की नै? घरकू भी मेंटेनन्स लगता." सगळ्यांना पटलं. माणशी दहा रुपये वर्षाला. त्यात राखणीला ठेवलेल्या बायजाबाईचा पगार आणि घरपट्टी भागायची.

पुढच्या वर्षी पंधरा, कारण माकडांनी कौलं फोडली. त्याच्या पुढच्या वर्षी पंचवीस, कारण माकडांनी परत फोडली. पत्र मी लिहायचो, सुवाच्य अक्षरात, "माकडांच्या उपद्रवामुळे" असं. शिवलिंगप्पा म्हणाले, "तात्या, घर आपल्यापेक्षा तीच जास्त वापरतात. एकदा त्यांच्याकडनं घ्या की वर्गणी."

मग दुष्काळ आला, महागाई आली, एसटीचं भाडं वाढलं. पत्रातली कारणं बदलत गेली. आकडा मात्र एका वर्षीही खाली आला नाही.

*

पहिल्यांदा सोडलं ते शिवलिंगप्पांनीच. मुलीचं लग्न निघालं. आपला आठवा हिस्सा विकायला ते सगळीकडं फिरले. पण दोन खोल्यांचा आठवा हिस्सा घेणार कोण? शेवटी माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "फुकट घ्या तात्या. फक्त पुढच्या वर्षी मला पत्र पाठवू नका."

सोडणाऱ्यानं आपली चादर घेऊन जायची असं ठरलं. ते स्वतः गेले आणि चादर घेऊन आले. त्यांचा आठवडा रिकामा झाला, आमचा हिस्सा मोठा झाला म्हणून आम्ही जरा खूषच होतो. मग पत्र लिहायला बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कौलं तेवढीच होती, भरणारे सात राहिले होते.

त्या वर्षी माणशी चाळीस झाले, म्हणून आणखी दोघांनी सोडलं. ते गेल्यावर पासष्ट झाले. दर वेळी कुणीतरी घडी केलेली चादर काखेत मारून यायचा आणि माझ्याकडं न बघता आत जायचा. तिसरी चादर गेली तेव्हा मी घरी जेवलो नाही.

*

दगडू मात्र टिकून होता, कारण तो भरतच नव्हता. "देतो की तात्या. कुटं पळून चाललोय व्हय?" असं म्हणत तो आठवडा उपभोगून यायचा आणि दिवाळीला निम्मे द्यायचा. एका वर्षी म्हणाला, नोटा वळचणीला ठेवल्या होत्या, त्या शेळीनं खाल्ल्या. मी म्हटलं, दगडू, लाज वाटू दे. दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला बांधून शेळी कारखान्याच्या दारात हजर.

"हिलाच इचारा."

अख्खी पाळी हसली. मालकसुद्धा गॅलरीत येऊन हसले. मला राग आला होता, कारण बायजाबाईचा पगार त्या वर्षी मी घरातनं भरला होता. रागारागानं मी नियम लिहिला. गुढीपाडव्याच्या आत ज्याचे पैसे येणार नाहीत, त्याचा त्या वर्षीचा आठवडा गेला. सबब चालणार नाही. उरलेल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दगडूनं अंगठा दिला. मल्लेशमनं तेलुगूत सही केली आणि म्हणाला, "बरं केलं तात्या, शिस्त लागंल."

*

पुढचं सांगताना मला कुणी हसू नका, आणि दयाही नको.

त्या पावसाळ्यात अर्धं छप्पर बसलं. वासे कुजले होते. पत्र लिहिलं, माणशी एकशे दहा. त्याच सुमाराला वीजकपात सुरू झाली, कारखाना एका पाळीवर आला. दगडूला महिन्याचा पगार होता, मला होता. विणकराला जेवढं विणलं तेवढ्याचेच पैसे. मल्लेशम माग बंद पडला की मागापाशीच उभा राहायचा, वीज येईल म्हणून.

पाडव्याच्या आधी आठ दिवस तो माझ्याकडं आला. "तात्या, अक्षय तृतीयेपर्यंत थांबता का? माझा आठवडा मेमधला हाय. तवर जमवतो."

त्याच्या आदल्याच दिवशी मालकांनी मला बोलावून सांगितलं होतं, पुण्याचे पाहुणे आहेत, मे महिन्यात एक आठवडा त्यांना द्या, छपराचा निम्मा खर्च ते देतील. घर वाचत होतं. शिवलिंगप्पांचा आणि सोडून गेलेल्या दोघांचे रिकामे आठवडे एप्रिलमधले, पाहुण्यांना ते नको होते. मला कळत होतं सगळं. सोलापुरात नरसम्मा कशी झोपते ते ह्या कारखान्यात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि तरी मी म्हणालो, "मल्लेशम, नियम सगळ्यांना एकच. तुझी सही आहे."

तो म्हणाला, "बरोबर हाय तात्या," आणि मागाकडं गेला.

एवढंच झालं. भांडला असता तर मी ऐकलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. खरं काय ते मलाही माहीत नाही.

*

दर पाडव्याला सगळे शुक्रवार पेठेत माझ्या घरी जमायचे. पैसे भरलेल्यांची नावं वाचायची, किल्लीला हळदकुंकू लावायचं, आणि पहिल्या आठवड्याच्या माणसाच्या हातात द्यायची. त्या वर्षी सगळ्यात आधी कोण आला असेल? दगडू. केसाला तेल, अंगात धुतलेला सदरा, मुठीत पूर्ण रक्कम. बायकोच्या कानातलं मोडून आणली होती, हे मला नंतर कळलं. "शेळीला दावनीलाच ठिवून आलोय," म्हणाला.

मी नावं वाचली. चार. इब्राहिमभाईंनी विचारलं, "मल्लेशम किधर?"

मी म्हणालो, "ह्या वर्षी तो जाणार नाही म्हणतोय."

म्हणतोय! एवढं स्वच्छ खोटं मी उशिरा येणाऱ्या कुणाकडनंही कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर तिथल्या तिथं चौघांनी मिळून त्याचे भरले असते. इब्राहिमभाईंनी तर एकट्यानं भरले असते. म्हणूनच नाही सांगितलं, कारण मग पुण्याच्या पाहुण्यांना आठवडा कुठला देणार होतो?

*

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पगाराचं पाकीट द्यायचं निमित्त काढून मी मल्लेशमच्या घरी गेलो. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. नरसम्मा दारातल्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. मला अन्ना म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ. उठायला लागली तर मी हातानं बस म्हटलं. एकेका शब्दाला थांबत बोलत होती.

"अन्ना, ह्या वर्षी बंगल्याची कौलं लई फुटली म्हणे? कुणालाच जाता येईना म्हणे?"

मल्लेशमनं तिला असं सांगितलं होतं.

मी म्हणालो, "हो."

"तुम्हालाच सगळा तरास," ती म्हणाली. "सावकाश करून घ्या. आमची घाई नाही. पुढच्या वर्षी जाऊ की."

मी पाणी प्यायलो आणि उठलो. पुण्याचे पाहुणे त्या दिवशी बंगल्यावर होते.

श्रावणात नरसम्मा गेली.

*

इब्राहिमभाईंना सगळं कळलं तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "तात्या, मेरेकू एक लफ्ज बोल्ते तो." वाक्य अर्धंच टाकून ते आत गेले. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे. दगडू उशिरा आला की गुमान अर्धा दिवस लावून घ्यायचा. मी मुद्दाम विचारायचो, "काय रे, आज शेळी का म्हैस?" तो मान हलवून आत जायचा. माझ्याकडं कारण सांगायला कुणी थांबेना. किस्से साठायचे ते बंद झाले. मागे सांगितले ते सगळे त्याच्या आधीचेच आहेत.

मल्लेशम तेवढा पहिल्यासारखा बोलायचा. तेच मला जड जायचं.

*

आता एकच किस्सा राहिला, त्याच्या नंतरचा.

पुढच्या वर्षी पाडव्याला अजून तीन आठवडे होते. मल्लेशम आला आणि टेबलावर पैसे ठेवले. पूर्ण. त्या वर्षी मेंटेनन्स एकशे पंचवीस होता. मी म्हणालो, "मल्लेशम, राहू दे. तुझा आठवडा आम्ही असाच ठेवतो, पैसे नकोत."

"नियम हाय तात्या," तो म्हणाला. "पावती द्या."

मी पावती लिहिली. माझं अक्षर पहिल्यांदा बिघडलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो एकटाच गेला, एक पिशवी घेऊन. पोरीला बहिणीकडं ठेवलं होतं. मला वाटलं, चादर आणायला गेला असणार, आता तो सोडणार. त्याच्या मागनं आठवडा माझा. मी मुद्दाम सकाळी लवकर पोचलो. म्हटलं, चादर काखेत घेऊन निघाला तर घाटाच्या वाटेवर तरी त्याचे पाय धरावेत.

बायजाबाई अंगण झाडत होती. मला बघून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ह्ये पाव्हणं बरं हाईत न्हवं डोस्क्यानं? सात दिस झालं, रोज सांजच्याला गादी घालत्यात. वर ती नावाची चादर. उशी नीट करत्यात. आन सोता भितीला टेकून बसत्यात, मांडीवर दुसरी उशी घिऊन. सकाळपातूर तसंच. म्या म्हनलं, गादी मोकळीच हाय की, पडा जरा. तर तोंडावर बोट ठिवलं. म्हनाले, हळू बोला."

मी आत गेलो. मल्लेशम चादरीची घडी करत होता. कोपऱ्यातलं नाव वर येईल अशी घडी घातली आणि चादर परत ट्रंकेत ठेवली. माठ भरलेला होता. डब्यात कडक भाकरी होती, शेंगाची चटणी होती, माझ्यासाठी.

त्यानं पिशवी उचलली, किल्ली माझ्या हातात दिली आणि पडवीत थांबून म्हणाला,

"तात्या, पुढल्या वर्षी मेंटेनन्स किती वाढणार ते आत्ताच सांगून ठेवा. परत उशीर व्हायला नको."